टाके नसलेली जखम

शस्त्रक्रिया म्हटली की उघडलेली छाती, टाक्यांची रांग आणि महिन्याभराचे अंथरूण असे जे चित्र सामान्य माणसाच्या मनात उभे राहते, त्यातील एकही खूण हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा दूर करण्याच्या आधुनिक उपचारात आढळत नसल्यामुळे, ‘अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला, परवा घरी सोडणार’ हे वाक्य आता रोग्याचे नातलग फोनवर अगदी सहजपणे उच्चारतात. आणि असंख्य लोकांना या उपचाराने जीवदान मिळालेले असल्यामुळे त्यांचा विश्वास अनाठायी आहे असे मुळीच म्हणता येणार नाही. तथापि ज्या जखमेला टाका घालावा लागत नाही ती जखम क्षुल्लकच असली पाहिजे, असे जे अनुमान त्यातून नकळत काढले जाते, ते खरे नाही. मांडीच्या वा मनगटाच्या धमनीला छिद्र पाडून नळी थेट हृदयाच्या मुखापर्यंत नेलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी रक्ताची गोठण्याची शक्ती औषधांनी बुद्धिपुरस्सर क्षीण केलेली असते. हे दोन्ही एकाच देहात एकदम घडत असता बहुसंख्य रोगी सुखरूप घरी जातात, याचेच खरे तर आश्चर्य वाटावे. जे थोडे अपवाद होतात त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या राखणीविषयी, येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी परिचारिका. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात, काही वर्षे कॅथलॅबमध्ये आणि त्यानंतर उपचार होऊन बाहेर आलेल्या रोग्यांच्या कक्षात गेला. कॅथलॅबमध्ये जे घडते ते प्रखर प्रकाशात, पडद्यावर, पाचसहा जाणत्या माणसांच्या डोळ्यांसमोर घडते. परंतु त्यानंतरची रात्र रोगी ज्या कक्षात काढतो तेथे एक परिचारिका, एक मावशी, एक मामा आणि बोलावल्यास येणारे एक तरुण डॉक्टर, एवढाच बंदोबस्त असतो. दुर्मिळ रक्तस्राव आपली वेळ निवडताना बहुधा याच रात्रीची निवड करतो, असा माझा अनुभव आहे.

या उपचाराचा आणि रक्तस्रावाचा संबंध आजचा नाही. 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी अडतीस वर्षांच्या एका गृहस्थाच्या हृदयधमनीत चिमुकला फुगा फुगवून अडथळा दूर केला, तेव्हा या शास्त्राचा आरंभ झाला. फुग्याने उघडलेली वाहिनी पुन्हा मिटू नये म्हणून 1986 मध्ये फ्रान्समधील झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधील उलरिक सिग्वार्ट यांनी धातूच्या जाळीचा, म्हणजे स्टेंटचा, अवलंब केला. परंतु परका धातू रक्तात शिरला की रक्त त्याच्यावर गोठू पाहते. सबब त्या आरंभकाळी हेपरिन, वॉरफेरिन, अ‍ॅस्पिरिन, डेक्स्ट्रान अशा औषधांचा एवढा भडिमार होई की, स्टेंट वाचे पण जांघेतून, जठरातून वा अन्य कोठून तरी रक्त वाहू लागे, आणि रोगी दिवसचे दिवस खाटेला खिळून राही. 1995 च्या सुमारास मिलानचे अँतोनियो कोलंबो यांनी, जाळी भिंतीला नीट चिकटेल अशा बेताने अधिक दाबाने फुगवली तर वॉरफेरिनवाचून केवळ रक्तकणिकांवर चालणाऱ्या गोळ्यांवर निभावते, हे दाखवून दिले, आणि तेथून रक्तस्रावाचे प्रमाण झपाट्याने उतरले. उतरले, नाहीसे मात्र झाले नाही.

मी या विभागात रुजू झाले तेव्हा बहुतेक सर्व उपचार जांघेच्या वाटेने होत. उपचार आटोपला तरी धमनीत बसवलेली नळी, जिला आम्ही शीथ म्हणतो, ती तत्काळ काढता येत नसे. रक्त किती सेकंदांत गोठते हे यंत्रावर पाहावयाचे, तो आकडा दीडशे-पावणेदोनशेच्या खाली उतरला की शीथ काढावयाची, आणि मग त्वचेवरील छिद्राच्या किंचित वर, कारण धमनीचे छिद्र तेथे असते, दोन बोटांनी पंधरावीस मिनिटे अखंड दाब द्यावयाचा. दाब इतकाच की रक्त थांबावे पण पायाची नाडी हरपू नये. हे काम दिसावयास हमालीचे, पण बोटांना जे कळते ते डोळ्यांना कळत नाही, हे शिकविणारी त्याच्यासारखी दुसरी शाळा मी पाहिली नाही. हेपरिनचा अंमल तातडीने उतरवण्याचा प्रसंग आलाच तर प्रोटॅमिन नावाचे औषध असते. हेपरिनच्या दर शंभर युनिटांमागे सुमारे एक मिलिग्रॅम असे त्याचे मान, आणि ते मुळात सॅमन माशाच्या शुक्रद्रव्यापासून मिळवलेले. यास्तव ‘मासे खाऊन कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का?’ हा प्रश्न आम्ही कोकणातून आलेल्या रोग्यांना आवर्जून विचारीत असू, आणि ऐन हृदयविकारात माशांची चौकशी ऐकून ती मंडळी आमच्याकडे मोठ्या चमत्कारिक नजरेने पाहत.

आमच्या विभागाच्या मुख्य सिस्टर जुन्या वळणाच्या होत्या. त्यांनी घालून दिलेला शिरस्ता असा, की पाळी बदलताना नव्या परिचारिकेने ‘ओव्हर’ घेताना केवळ कागद वाचून सही ठोकावयाची नाही. प्रत्येक खाटेशी जाऊन चादर दूर करून जांघ पाहावयाची, हाताने चाचपावयाची, पायाची नाडी लावावयाची आणि रोग्याशी दोन वाक्ये बोलावयाची. ही दोन वाक्ये कशाला, असे आरंभी आम्हां मुलींना वाटे. त्यांचा उद्देश पुढे उमगला. शरीराच्या पृष्ठभागावर आलेले रक्त कोणालाही दिसते, आणि जे दिसते त्याने सहसा माणूस मरत नाही. घातक रक्तस्राव आत होतो, आणि त्याची पहिली इतल्ला यंत्राकडून न येता रोग्याच्या तोंडून, तीही एखाद्या फुटकळ तक्रारीच्या वेषात येते.

याचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे पोटाच्या पडद्यामागे होणारा रक्तस्राव. धमनीला सुई जांघेतील बंधाच्या वर लागली, तर तेथे तिच्यामागे दाबावयास हाड नसते. बाहेरून कितीही दाब दिला तरी आतले छिद्र वाहत राहते, आणि रक्त मांडीत न उतरता पाठीच्या कण्यालगतच्या त्या पोकळीत साचत जाते, जी जुन्या वाड्यातील तळघरासारखी वरून कळून न येता बरेच काही पोटात घेते. लिटर-दीड लिटर रक्त तेथे मुकाट्याने सामावते. प्रमाण पाहू जाता शंभरात एकाहूनही कमी. पण वृद्ध, कृश आणि त्यातही स्त्री-रोगी असेल तर धोका वाढतो, हे आता सर्वमान्य आहे.

अशाच एका आजींची आठवण आहे. सातारा भागातील, वय सत्तरीपलीकडचे, देह काडीचा. उपचार उत्तम झाला होता, जांघ स्वच्छ होती, पट्टीवर रक्ताचा टिपूसही नव्हता. रात्री नऊच्या सुमारास त्या म्हणाल्या, ‘बाई, या तुमच्या खाटेनं माझी कंबर धरली बघा.’ सहा तास पाय न दुमडता उताणे निजलेल्या प्रत्येक रोग्याची कंबर दुखते, हे त्या कक्षातील कोणीही सांगेल. त्यांचा मुलगा तर बामाची डबी उघडून चोळावयास बसलाही होता. नाडी ऐंशीच्या आत, रक्तदाब थोडासा उतरलेला, सायंकाळच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन पूर्वीइतकेच. कागदावर काही वावगे नव्हते. पण त्यांच्या कपाळावर पंखा चालू असताना बारीक घाम होता, उजव्या कुशीत बोटे रुतवली की त्या ओठ आवळीत, आणि उजवी मांडी आतून बधिर झाल्यासारखी वाटते असे त्यांनी विचारल्यावर सांगितले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. रक्त वाहू लागले की नाडी जलद होते, हा पाठ्यपुस्तकातील नियम खरा. परंतु हृदयरोग्याला नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात आणि त्या गोळ्या ही धोक्याची घंटाच बांधून ठेवतात. दुसरे असे की, वाहून जाते ते समग्र रक्त. उरलेल्याचे मान तेच राहते, आणि शिरेतून दिलेले व ऊतींतून आलेले पाणी त्यात मिसळेपर्यंत हिमोग्लोबिनचा आकडा खाली येत नाही. म्हणजे ज्या दोन साक्षीदारांवर आपण भिस्त ठेवावी तेच आरंभीच्या तासांत खोटी साक्ष देतात. मी डॉक्टरांना बोलावले, ते कुरकुर न करता आले, शिरेतून द्रव चालू झाले, रक्तपेढीकडे चिठ्ठी गेली आणि आजींना सीटी स्कॅनला नेले. उजव्या मूत्रपिंडाच्या खाली रक्ताचा मोठा गोळा होता. गोठण रोखणारे इंजेक्शन बंद झाले, रक्त चढले, शस्त्रवैद्य रात्रभर सज्ज राहिले पण त्यांना हत्यार उचलावे लागले नाही. पहाटेपर्यंत स्राव आपोआप थांबला. तीन-चार दिवसांनी त्यांच्या कुशीवर काळेनिळे डाग उमटले, आणि मुलगा म्हणाला, ‘हे आता दिसलं!’ त्याच्या त्या उद्गारात या व्याधीचे सारे लक्षण आले होते.

दुसरा प्रकार याहून विरळ आणि याहून त्वरित घात करणारा. केसाएवढी बारीक तार अडथळ्यातून पार करताना, विशेषतः पूर्णपणे बंद झालेली वा चुन्याने कठीण झालेली वाहिनी असेल तर, वाहिनीच्या भिंतीला छिद्र पडू शकते. हजारात चार-पाच जणांच्या बाबतीत असे घडते. स्टीफन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये अशा छिद्रांचे जे वर्ग पाडले तेच आजही कॅथलॅबमध्ये उच्चारले जातात, आणि ‘टाइप थ्री’ हे शब्द कानी पडताच खोलीतील प्रत्येकाचे हात न सांगता आपापल्या कामाला लागतात. हृदयाभोवतीच्या पिशवीत द्रव सावकाश साचला तर ती लिटरभरही सहन करते. पण एकाएकी दीडशे मिलिलिटर रक्त शिरले तर तेवढ्यानेच हृदयाला पसरावयास जागा उरत नाही. उतरलेला रक्तदाब, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि दुरून आल्यासारखे हृदयाचे ठोके, ही त्रयी क्लॉड बेक यांनी 1935 मध्येच नोंदवून ठेवली आहे.

अशा वेळी करावयाचे पहिले काम अत्यंत साधे असते: तोच फुगा छिद्राच्या ठिकाणी आणून फुगवून ठेवावयाचा आणि वेळ मिळवावयाचा. मग छिद्र झाकणारा आच्छादित स्टेंट, उरोस्थीच्या टोकाखालून सुई घालून पिशवीतील रक्त काढणे, आणि प्रसंगी काढलेले तेच रक्त निर्जंतुक मार्गाने रोग्याच्या शिरेत परत देणे. तारेने पार टोकाशी, सूक्ष्म फांदीत छिद्र केले असेल तर रोग्याच्याच त्वचेखालील चरबीचा कण त्या फांदीत सोडून ती बंद करतात. जांघेतून चिमटीत काढलेला तो पिवळा कण मी तबकात धरून उभी राहिले आहे, आणि लाखो रुपयांच्या यंत्रांच्या गराड्यात त्या क्षणी त्याच्याइतके मौल्यवान काही नव्हते. परंतु अशा टोकाच्या छिद्राची खरी खोड निराळीच. पडद्यावर काही दिसत नाही, रोगी हसत कक्षात येतो, आणि चार-सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, अस्वस्थ होतो. ‘जीव घाबरा होतोय’ एवढेच तो सांगतो. त्याची समजूत घालून झोपेची गोळी देण्याचा मोह ज्या परिचारिकेने आवरला आणि इकोचे यंत्र खाटेशी आणवले, तिने माझ्या मते त्या दिवसाचे वेतन पुरेपूर फेडले.

फुप्फुसातील रक्तस्राव मी फार क्वचित पाहिला. रक्तकणिकांना एकमेकींशी चिकटू न देणारी टिरोफिबान, एप्टिफिबाटाइड यांसारखी प्रभावी इंजेक्शने चालू असता एखाद्या रोग्याला खोकला येतो, धाप लागते, एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसतात, आणि हृदय थकून पाणी साचले असावे असा साहजिक निष्कर्ष निघतो. पाणी आणि रक्त यांची छाया एक्स-रेत सारखीच पडते. भेद करते ते थुंकीतील तांबडेपण आणि खाली आलेले हिमोग्लोबिन. ते औषध चालू ठेवून लघवीची औषधे वाढवीत बसणे म्हणजे वाहत्या जखमेला वारा घालणे होय. याच इंजेक्शनांमुळे एखाद्याच्या रक्तकणिका काही तासांत दीड-दोन लाखांवरून वीस हजारांखाली येतात. मात्र असा आकडा आला की घाबरून जाण्यापूर्वी सायट्रेटच्या नळीत दुसरा नमुना पाठवावयाचा, कारण नेहमीच्या नळीतील रसायनामुळे कधीकधी कणिका गुठळ्या करून बसतात आणि यंत्र त्यांना मोजीतच नाही. खरी घट आणि आभासी घट यांतील हा भेद प्रयोगशाळेतील एका वयस्क तंत्रज्ञांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पुढे वाट बदलली. माँट्रियलच्या ल्युसियन कांपो यांनी 1989 मध्ये मनगटाच्या धमनीतून तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले, 1992 पासून अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड कीमेनाइ यांनी त्याच वाटेने उपचार आरंभले, आणि कालांतराने आमच्याकडेही नवे डॉक्टर उजवे मनगट मागू लागले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅट्रिक्स या मोठ्या अभ्यासात मनगटाचा मार्ग घेतलेल्या रोग्यांत गंभीर रक्तस्राव आणि मृत्यू, दोन्ही कमी आढळले. आमच्या कक्षातील, जांघेवर ठेवावयाच्या वाळूच्या पिशव्या अडगळीत गेल्या, रोगी दोन तासांत उठून चहा पिऊ लागले. तरीही राखण संपली नाही. तारेने वर कोपराजवळची एखादी लहान फांदी फाटली तर मनगटावरील पट्टा घट्ट असूनही अग्रबाहू आतून फुगत जातो, आणि स्नायूंच्या बंदिस्त कप्प्यात दाब वाढून हाताचा रक्तपुरवठाच तुटण्याची पाळी येते. हात टणक लागला, बोटे सरळ करताना रोगी किंचाळला, की तत्क्षणी रक्तदाबाचा पट्टा त्या जागी गुंडाळून फुगवावयाचा, मधून मधून सैल करून बोटांचा रंग पाहावयाचा आणि डॉक्टरांना गाठावयाचे. वेळेवर केले तर हात वाचतो. हयगय झाली तर शस्त्रक्रिया, आणि कधी जन्माचे अपंगत्व.

इतके वाचून रक्त पातळ करणाऱ्या औषधांविषयी कोणाच्या मनात अढी बसली, तर माझा हेतू विफल झाला असे मी समजेन. या औषधांची दुसरी बाजू मी तितक्याच जवळून पाहिली आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणारा एक शेतकरी, शौच डांबरासारखे काळे झाले म्हणून घाबरला आणि कोणालाही न विचारता स्टेंटच्या दोन्ही गोळ्या त्याने एकदम बंद केल्या. आठवडाभरात तो परत आला तो जठराच्या दुखण्याने नव्हे. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन त्याला मोठा झटका आला होता. जठराचे रक्त थांबविता आले असते, औषधांची फेरजुळणी करता आली असती. गोळी केव्हा थांबवावी, कोणती थांबवावी आणि कोणती काही झाले तरी चालू ठेवावी, हा निर्णय इतका नाजूक असतो की मोठमोठे डॉक्टरही तो एकमेकांशी बोलल्यावाचून घेत नाहीत. मग तो रोग्याने ओसरीवर बसून घ्यावा काय?

दुर्मिळ गोष्टींची राखण करण्यात एक मानसिक कष्ट असतो, त्याची दखल सहसा घेतली जात नाही. रात्री कंबर दुखते म्हणणाऱ्या बहुतेक रोग्यांची कंबर खरोखरच खाटेमुळे दुखत असते. त्या प्रत्येकासाठी डॉक्टरांना उठवावे तर परिचारिका भित्री ठरते, न उठवावे तर एखादे दिवशी अनर्थ ओढवतो. ज्या विभागात फुकट गेलेल्या बोलावण्याबद्दल कोणी कपाळाला आठी घालीत नाही, तेथेच खरे बोलावणे वेळेवर जाते, असा माझा निष्कर्ष आहे. आमच्या विभागप्रमुखांनी नव्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी बजावलेले असे, की सिस्टरने बोलावले तर पलंगाशी जाऊन पाहावयाचे, फोनवर निकाल द्यावयाचा नाही. या एका हुकुमाने जितके जीव वाचले, तितके कोणत्या यंत्राने वाचले असतील असे मला वाटत नाही.

शेवटी वाचकांना, आणि विशेषतः रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांना, एवढीच विनंती. उपचारापूर्वी रोग्याला पूर्वी कोठे रक्तस्राव झाला असल्यास, तो कोणत्या गोळ्या घेत असल्यास, वावडी असल्यास, सारे सांगा. वैद्याचा काढा असो वा दुकानातील पुडी, काहीही लपवू नका. उपचारानंतरच्या रात्री कंबर, कूस वा पोट दुखणे, घाम, चक्कर, जीव घाबरा होणे, हात टणक होणे, यांपैकी काहीही जाणवले तर बाम चोळीत न बसता सिस्टरला बोलवा, आणि तिने ऐकले नाही तर पुन्हा बोलवा. घरी गेल्यावर शौच काळे झाले वा थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पण डॉक्टरांनी सांगितल्यावाचून स्टेंटची एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.